आधी ती खिडकी बघा

जुन्या रेल्वे स्टेशनाचा फोटो समोर आला की माझी नजर आधी स्टेशनमास्तरच्या घराची खिडकी शोधते. फलाटाच्या अंगाला भिंतीतून पुढे आलेली, तीन बाजूंनी काचा असलेली. साध्या खिडकीतून समोरचं तेवढं दिसतं. इथे खुर्चीतून न उठता रुळाची दोन्ही टोकं दिसतात. जॉर्ज टाउनसेंड अँड्र्यूज या वास्तुविशारदाने १८४०च्या दशकात यॉर्कशरमध्ये बांधलेल्या छोट्या स्टेशनांवर अशा खिडक्या आहेत. मला त्या फार आवडतात. त्या माणसाचं काम काय होतं, हे त्या खिडक्या बघूनच कळतं.

सुरुवातीला हे काहीच ठरलेलं नव्हतं. मँचेस्टरचं लिव्हरपूल रोड स्टेशन १८३० साली सुरू झालं, तेव्हा स्टेशन कसं दिसावं याचा नमुनाच कुणापुढे नव्हता. शेजारी १८०८ साली कापड रंगवणाऱ्या कारखान्याच्या एका भागीदारासाठी बांधलेलं घर होतं, तेच स्टेशनच्या एजंटाचं, म्हणजे तिथला कारभार बघणाऱ्याचं, घर झालं. म्हणजे घर आधी, रेल्वे नंतर! पुढे घर, तिकीटघर आणि फलाट एकाच आराखड्यात आले. दारातून बाहेर पडलं की कामावर. रात्रीची गाडी, उशिरा आलेला प्रवासी, सगळं त्या एका उंबऱ्यावर.

म्हणूनच अशा घरांचं जतन ज्या पद्धतीने होतं, ते मला पटत नाही. ब्रिटनमध्ये रेल्वेच्या फेररचनेवरच्या १९६३च्या बीचिंग अहवालाने २,३६३ स्टेशनं आणि हॉल्ट बंद करायला सुचवले. त्यानंतर बंद पडलेल्या कितीतरी स्टेशनांची लोकांनी राहती घरं केली. घरं वाचली, याचा आनंदच आहे. पण जपायचं म्हटलं की सगळं लक्ष दर्शनी भागाकडे जातं: उंच धुराडी, उतरत्या छपराच्या कडेची लाकडी झालर, दगडी कमान. आतली रचना मात्र बिनदिक्कत मोडतात. तिकीटघर आणि घर यांमधली भिंत पाडून एक मोठी खोली केली, की स्टेशनमास्तर कुठे बसत होता आणि कुठे राहत होता ते कायमचं पुसलं जातं. माझ्या मते झालर नवी करता येते, ती भिंत नाही.

आणि खिडकीच्या बाजूच्या त्या दोन अरुंद काचा, त्या तरी बुजवू नका. गाडी त्यांतूनच दिसायची.