तीनदा उतरला म्हणून चौथ्यांदा चढेलच?

बेळगाव-खानापूरकडच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. आकड्यांच्या कुठल्याही रांगेत लागोपाठ तीन उतार आले की चौथ्यांदा आकडा चढतोच, हे म्हणे गणिताने सिद्ध झालंय. सलग चार उतार दिसले तर आकडे बनावट समजा. आणि खाली सल्ला: रताळ्याचा दर तीनदा उतरलाय, माल थांबवा.

आधी त्यातलं खरं सांगतो, कारण थोडं खरं आहे. 1 ते 5 लिहिलेल्या चिठ्ठ्या मिसळून एकेक उचला. पहिल्या चार उतरत्या निघाल्या, तर रांगा पाचच शक्य आहेत: 54321, 54312, 54213, 53214, 43215. पाचांपैकी चारांत शेवटी चढ आहे. म्हणजे चढाची शक्यता 80 टक्के. पण पहिली रांग बघा, ती उतरतेच आहे. ‘चढतोच’ मधला ‘च’ तिथेच गळाला.

हे गणितही नुसते उतार कळलेत, आकडे आपण बघितलेले नसतात तेव्हाचं. आता 0 ते 9 च्या दहा चिठ्ठ्या डब्यात टाका आणि उचललेली दर वेळी परत टाका. 9, 8, 7, 6 आले. तीन उतार झाले की! पुढे खाली जायला 0 ते 5 असे सहा आकडे, वर जायला फक्त तीन. उतार किती लांब याला इथे किंमत नाही, तुम्ही कुठल्या पायरीवर उभे आहात याला आहे.

‘सिद्ध झालंय’ म्हणतात ते बहुतेक यावरून: एकमेकांशी संबंध नसलेल्या, वेगवेगळ्या आकड्यांच्या लांब रांगेत एक उतरता तुकडा सरासरी दोन आकड्यांचा असतो. सरासरी दोन, कमाल दोन नव्हे. बाकी काही नाही.

रताळ्याचं तर सगळंच वेगळं. मार्केट यार्डातला आजचा दर डब्यातून नव्याने निघत नाही, तो कालच्या दराला धरूनच चालतो. रोजचा चढ-उतार नुसता छापा-काटा मानला तरी चौथ्या दिवशी चढायची शक्यता निम्मीच. वर आवक वाढलेली असेल तर तेवढीही नाही. आणि काढलेली रताळी घरात ठेवून काय होतं, ते मेसेज लिहिणाऱ्याने कधी पाहिलेलं दिसत नाही.

राहिला बनावटीचा आरोप. चिठ्ठ्यांसारख्या सुट्या, वेगवेगळ्या आकड्यांत पाच आकडे सलग उतरते असण्याची शक्यता 120 त एक. वर्षाच्या 365 नोंदींत असे पाच-पाचाचे गट 361, म्हणजे सरासरी तीन ठिकाणी सलग चार उतार दिसायचेच. छापा-काट्याने चालणाऱ्या दरात ही शक्यता 16 त एक, म्हणजे बावीस-तेवीस ठिकाणी. उलट अशा दराच्या वहीत वर्षभरात सलग चार उतार एकदाही सापडले नाहीत, तर ती वही कुणी लिहिली हे मी विचारीन.