स्कूटरला एक वर्ष, लेकीला सात

दुसऱ्या राज्यात गाडी बारा महिन्यांच्या वर ठेवायची तर तिथला नंबर घ्यावा लागतो, असा कायदाच आहे. म्हणजे आमची एमएच १२ वाली स्कूटर, जिला अजून बेंगळुरूच्या बन्नेरघट्टा रोडचा ट्रॅफिक बघून धाप लागते, ती एनओसी आणून, टॅक्स भरून वर्षभरात रीतसर केए होणार. आणि आमची लेक, जी इथे आल्या आल्या रिक्षावाल्याशी कन्नडमधून भांडायला शिकली, तिला मात्र कॉलेजच्या प्रवेशासाठी कर्नाटकची म्हणवून घ्यायला सात वर्षं लागतात. सात! तोवर तिचं कॉलेज संपून, नोकरी लागून, ती तिसऱ्याच राज्यात भाड्याचं घर शोधत असेल.

झालं असं की नवऱ्याच्या कंपनीने त्याचं अख्खं डिपार्टमेंट पुण्याहून बेंगळुरूला हलवलं, तेही लेकीच्या दहावीच्या निकालाच्या तोंडावर. सगळे नातेवाईक म्हणाले, अगं पोरीची महत्त्वाची वर्षं, आत्ता कशाला जाता? जसं काही आम्ही केसरीची टूर बुक केली होती. घराचं डिपॉझिट ऐकून नवरा मालकांना म्हणाला, आम्हाला भाड्याने हवंय हो, विकत नाही. मालक शांतपणे हसले आणि म्हणाले, स्वल्प अडजस्ट माडी, म्हणजे जरा जमवून घ्या. ते आम्ही केलं. कोथिंबिरीच्या जुड्या, सांबारातला गूळ, पोह्यांना अवलक्की म्हणणं, सगळं अडजस्ट माडलं. गोडा मसाला सासूबाई उद्यान एक्सप्रेसने येणाऱ्या कुणाच्याही पिशवीत कोंबून पाठवतात, ओळख असो नसो.

खरा गोंधळ कॉलेजचा. इथे अकरावी म्हणजे फर्स्ट पीयूसी, आणि त्यात पीसीएमबी, पीसीएमसी, पीसीएमई, ऑफिसातल्या बाई ही यादी वाचत होत्या तेव्हा मला खताच्या दुकानात आल्यासारखं वाटलं. लेकीने पीसीएमबी घेतलं, म्हणजे मॅथ्स आणि बायॉलॉजी दोन्ही, कारण तिचं अजून ठरलेलं नाही, डॉक्टर की इंजिनिअर. सेकंड लँग्वेज संस्कृत, कारण मार्क मिळतात, हे मात्र दोन्ही राज्यांत सारखंच, बरं वाटलं.

मग नवऱ्याने एक्सेल शीट उघडली. त्याला कुठलंही संकट आलं की तो एक्सेल शीट उघडतो. फी कमी हवी तर सरकारी कोटा हवा, आणि सरकारी कोटा हवा तर आधी आपण कुठले ते सिद्ध करा. कर्नाटकच्या सीईटीचा मुख्य नियम असा की पहिली ते बारावीपैकी किमान सात वर्षं इथे शिकलेली असावीत आणि दहावी किंवा बारावी इथून पास. आमची दोन भरणार. आईवडील इथे शिकले असतील तर वेगळी कलमं आहेत, पण आम्ही दोघं शिकलो पुण्यात. केंद्र सरकारच्या नोकरीत असाल तरी सवलत आहे. नवरा खाजगीत. मग त्याला एक कलम सापडलं की सीमेपलीकडच्या काही तालुक्यांतल्या कन्नड बोलणाऱ्यांनाही धरतात, दक्षिण सोलापूर, जत, गडहिंग्लज आणि अक्कलकोट. अक्कलकोट म्हटल्यावर घरात एकदम चैतन्य. आपण दरवर्षी स्वामींच्या दर्शनाला जातो, धरतील का? मी म्हटलं, मातृभाषा कन्नड लागते. तर तो म्हणाला, माझी एक पणजी तिकडची होती म्हणे, बघतो आईला विचारून. (पणजी निघाली बार्शीची.)

बरं, कोट्याबाहेरून इंजिनिअरिंगला जायचं तर इथे एकाच बाकावर तीन भाव. सीईटीवाल्याला लाखाच्या आतबाहेर, कॉमेडकेवाल्याला, म्हणजे खाजगी कॉलेजांच्या परीक्षेतून आलेल्याला, अडीच-तीन लाख, आणि मॅनेजमेंटवाल्याचा आकडा ऑफिसात कोणी मोठ्याने बोलतच नाही, कागदावर लिहून पुढे सरकवतात. शिकवणारे सर तेच, कँटीनचा डोसा तोच.

मग परत महाराष्ट्र. इंजिनिअरिंगला तिकडे आई किंवा बापाचं डोमिसाइल असलं तरी चालतं, मुलगी कुठूनही बारावी होवो. त्यामुळे नवऱ्याचं डोमिसाइल सर्टिफिकेट आता आमच्याकडे माझ्या मंगळसूत्राच्या शेजारी लॉकरमध्ये असतं. पण मेडिकलच्या राज्य कोट्याला दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून लागतात. म्हणजे पोरीने मॅथ्सचं पुस्तक उघडलं की ती मराठी, बायॉलॉजीचं उघडलं की ती कुठलीच नाही. उरल्या सरकारी कॉलेजांतल्या १५ टक्के अखिल भारतीय जागा, आणि त्यासाठी अखिल भारत रांगेत उभा.

सासूबाईंचा उपाय सोपा होता, पोरीला माझ्याकडे पाठवा, इथून बारावी करू दे, मी करीन डबा. लेक खूश, कारण आजीकडे वायफाय आहे आणि शिस्त नाही. नेमक्या त्याच कारणासाठी मी नाही म्हटलं. मग त्यांनी व्हॉट्सअपवर पाठवलं, महाराष्ट्रात मुलींना शिक्षण फुकट! ते आहे खरं, २०२४ पासून, पण ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसीतल्या मुलींना, आणि घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत हवं. बेंगळुरूला येताना नवऱ्याला जी पगारवाढ मिळाली तिने आम्हाला नेमकं त्या रेषेपलीकडे नेऊन ठेवलंय, आणि ती वाढ सगळी घरभाड्यात जाते.

एवढ्यात एके रात्री नवरा शीट घेऊन किंचाळत आला. एनआयटीत, म्हणजे केंद्राच्या इंजिनिअरिंग कॉलेजांत, निम्म्या जागा होम स्टेटला असतात आणि होम स्टेट ठरतं बारावी जिथून केली त्यावरून, बाकी काही बघत नाहीत! म्हणजे नागपूरचं व्हीएनआयटी आमच्यासाठी परप्रांत झालं, पण मंगळुरूजवळचं सुरतकल घरचं झालं, समुद्रकिनाऱ्यासकट! जेईईचा अभ्यास कोण करणार हा प्रश्न त्या क्षणी कोणालाच पडला नाही, लेकीला तर नाहीच, ती थेट बीचचे फोटो बघत बसली. नवऱ्याने लगेच पुण्याला फोन लावला, स्पीकरवर.

"आई, सुरतकलचा चान्स आहे!"

पलीकडे बराच वेळ शांतता.

"आता गुजरातेत? मग तिथे पुन्हा सात वर्षं का रे?"