‘डॉलरवाल्यांना कर कसला जाणवणार?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

मागच्या आठवड्यात मी कॅलिफोर्नियाच्या २००३ सालच्या रिकॉलवर, म्हणजे निवडून दिलेल्या माणसाला मतदान करून मुदतीआधीच परत बोलावण्यावर, लिहिलं होतं. गव्हर्नर ग्रे डेव्हिस यांना लोकांनी निवडून दिल्यावर ११ महिन्यांत घरी पाठवलं, त्याबद्दल. करवाढ झाली म्हणून मतदारांनी गव्हर्नरला मुदतीच्या मध्येच काढू नये, असं माझं म्हणणं होतं. त्यावर ‘सजग पुणेकर’ या नावाने प्रतिक्रिया आली आहे :

‘ताई, जरा अभ्यास करून लिहीत जा. उमेदवार १३३ नव्हते, १३५ होते. नोकराने मालकाच्या खिशात हात घातला तर मालक चार वर्षं वाट बघत नाही. डेव्हिसने निवडणुकीआधी तूट लपवली होती, ते सोयीस्कर विसरलात. आणि डॉलरात पगार मोजणाऱ्यांना गाडीवरचा तिप्पट कर कसला जाणवणार? आम्ही इथे घरपट्टी भरतो, आम्हाला विचारा.’

डेव्हिस यांच्या जागेसाठी उभे राहिलेले उमेदवार १३५च होते. चूक माझी, लेखात दुरुस्ती केली आहे. आभार.

आता ‘ताई’. अनोळखी बाईला ताई म्हणणं चांगलंच आहे. पण ताई म्हणायचं आणि त्याच वाक्यात तिला अडाणी ठरवायचं, ही रीत मला माहेरी कुणी शिकवली नाही. असहमती मला चालते. या ब्लॉगवर माझ्या सख्ख्या दिरांनी माझ्याविरुद्ध लिहिलं आहे, आणि स्वतःच्या नावाने लिहिलं आहे.

आणि डॉलर. हे वाक्य मला लागलं, ते मी लपवत नाही.

१९९९ साली मी कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेलला आले ती एच-४ व्हिसावर. म्हणजे तेव्हा नवऱ्याच्या पाठोपाठ यायचं, नोकरी करायची नाही. २००१च्या मंदीत त्याची नोकरी गेली. दुसरी लवकर मिळाली, पण पगार पाऊणपट झाला आणि घरभाडं तेवढंच राहिलं. २००३ साली मुलगी दीड वर्षाची होती. गाडी एकच, पाच हजारांना घेतलेली सेकंडहँड कोरोला. सांगलीला आई दिनदर्शिकेच्या पाठीमागे दुधाचा हिशेब मांडायची, तसाच मी इथे मांडत होते. फक्त त्यात पेट्रोल आणि डायपर होते.

त्या वर्षी गाडीच्या नोंदणीचं बिल आलं. किमतीच्या ०.६५ टक्के असणारी फी २ टक्के झाली होती. हिशेबाला पाच हजार धरा. साडेबत्तीस डॉलरच्या जागी शंभर, म्हणजे साडेसदुसष्ट डॉलर जास्त. तुम्हाला हा आकडा हसण्यासारखा वाटेल. मी ते बिल फ्रिजवर लावलं होतं आणि दोन आठवडे ते बघून माझ्या पोटात गोळा येत होता. तेव्हा कर मला जाणवला, सजग पुणेकर. तुम्ही मला विचारलं असतंत तर सांगितलं असतं. तुम्ही गृहीत धरलंत.

आणि तरीही मी लिहिलं ते लिहिलं, कारण त्या बिलामागची गोष्ट मी नंतर मुळापासून वाचली. २ टक्के हा दर नवा नव्हता, तो १९४८पासूनचा. १९९० च्या दशकाच्या शेवटी तिजोरी भरलेली होती म्हणून तो उतरवत आणला, आणि कायद्यात अट ठेवली की पैसे पुरेनासे झाले तर जुना दर परत येईल. २००३ साली राज्याच्या अंदाजपत्रकात ३८ अब्ज डॉलरचं भगदाड होतं. जूनमध्ये ती अट लागू झाली. रिकॉलची नोटीस मात्र फेब्रुवारीतच निघाली होती. कर वाढायच्या चार महिने आधी! पुढे डॅरल आयसा या अमेरिकी काँग्रेसच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या, सदस्याने सुमारे १७ लाख डॉलर ओतले तेव्हा रिकॉलसाठीच्या सह्यांच्या मोहिमेला जोर आला. कराचं बिल ही पेटलेल्या चुलीत पडलेली काडी होती, चूल आधीच कुणीतरी पेटवली होती.

७ ऑक्टोबरला ५५ टक्के मतांनी डेव्हिस गेले, आरनॉल्ड श्वार्झनेगर आले. १७ नोव्हेंबरला शपथ घेतली त्याच दिवशी त्यांनी वाढ रद्द केली. लोकांना पैसे परत मिळाले, आम्हालाही. मला आनंद झाला, खोटं का सांगू? पण तो पैसा शहरांचा आणि काउंट्यांचा (म्हणजे तिथल्या जिल्ह्यांचा) होता, पोलीस आणि अग्निशमन दलाचा. त्यांना तो राज्याने भरून द्यायचा, वर्षाला सुमारे ४ अब्ज डॉलर. आणि राज्याने काय केलं? मार्च २००४ मध्ये १५ अब्जांचे कर्जरोखे काढायला मतदारांचीच मंजुरी घेतली. माझे साडेसदुसष्ट डॉलर कर्ज म्हणून माझ्या मुलीच्या नावावर गेले, इतकंच.

‘मालक-नोकर’ हे वाक्य भाषणात टाळ्या घेईल. राज्य म्हणजे वाण्याचं दुकान नव्हे, एवढंच म्हणते. लपवलेल्या तुटीबद्दल इथे शिरत नाही, तो वेगळा विषय आहे.

घरपट्टीचं उदाहरण मात्र तुम्ही स्वतः काढलंत, तर तेच घेऊ. पुण्यात राहत्या घराच्या घरपट्टीतली ४० टक्के सवलत काढून घेतली होती. कॅलिफोर्नियात झालं तेच : जुनी सूट गेली, बिल फुगलं. लोकांनी आवाज उठवला आणि २०२३ मध्ये सवलत परत आली. त्यासाठी कुणाला परत बोलवावं लागलं? तुम्ही तिथेच राहता, तुम्हाला हे माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असायला हवं.

आणि अभ्यासाचं म्हणाल, तर २००९ बघा. त्याच श्वार्झनेगर यांनी तूट आल्यावर तीच फी ०.६५वरून १.१५ टक्के केली, विक्रीकर एका टक्क्याने वाढवला. त्यांच्यावर रिकॉलची निवडणूक झाली नाही. मे महिन्यात ही वाढ आणखी पुढे चालू ठेवायचा प्रस्ताव मतदारांपुढे आला, त्यांनी तो पाडला, आणि २०११ मध्ये वाढ मुदतीप्रमाणे संपली. करावर राग होता, तो करावरच काढला. गव्हर्नर आपली मुदत पुरी करून गेले.

त्या दोन वर्षांची बिलं आम्ही भरली. गाडी तीच होती.