सहाशे एमएम आणि बकऱ्या

कॅमेऱ्याची दोन किलोची सहाशे एमएम लेन्स गळ्यात अडकवून चाळीसगावहून पाटणादेवीच्या अभयारण्याकडं निघालं की माणसाला आपण कुणीतरी मोठे आहोत असं वाटायला लागतं, ते पहिलं फुलपाखरू दिसेपर्यंत टिकतं. लोक म्हणतात टेलीफोटो घे, लांबूनच फोटो निघतो, पाखरू उडत नाही. खरंय. फक्त या लेन्सला जवळचं दिसत नाही, दोन-अडीच मीटरच्या आतलं ती फोकसच करत नाही, आणि रुईवरचं प्लेन टायगर फुलपाखरू तिथून उठून थेट माझ्या बुटाच्या लेसवर येऊन बसतं. मग मी मागं सरकतो. मागं बोरीचं झुडूप असतं. नेहमीच असतं.

बरं, अंतर जमलं तर फोकस मागच्या गवतावर जातो. गवताचे इतके शार्प फोटो अख्ख्या खान्देशात कुणाकडं नसतील. गवतही जमलंच तर डोळा स्पष्ट आणि पंख धुरकट, कारण सहाशे एमएमला फोकसची खोली बोटभरसुद्धा मिळत नाही, म्हणून पंखाला समांतर उभं राहायचं असं जाणकार सांगतात, म्हणजे फुलपाखरू वाकडं बसलं की आपणही वाकडं व्हायचं. त्यात कॉमन इमिग्रंट बसल्यावर पंख उघडतच नाही, आणि ब्लू पॅन्सी उघडते, निळा ठिपका दाखवते, आणि मी बटण दाबलं की मिटते.

यावर उपाय एकच, चिखल. नर फुलपाखरं मीठ शोषायला ओल्या मातीवर, शेणावर, मुतावर बसतात आणि एकदा सोंड खुपसली की जगाचं भान सोडतात. म्हणून अभयारण्याच्या अलीकडच्या नाल्यात, ऑक्टोबरच्या उन्हात, मी पोटावर पडलो होतो. समोर इमिग्रंटची रांग, पुढून पाणी पितायत आणि मागून टिपकन थेंब सोडतायत, मीठ ठेवायचं, पाणी टाकून द्यायचं. हे इतकं स्वच्छ दिसत होतं की मी श्वास रोखला.

"काय दखी ऱ्हायना भाऊ?"

वर बघितलं तर काठी टेकून एक आजोबा. लेन्सकडं बघून त्यांनीच उत्तर ठरवलं. "बिबट्या शे का?"

इकडं बिबट्या आहेच, त्यामुळं प्रश्न चूक नव्हता. मी हळूच म्हटलं, नाही हो बाबा, फुलपाखरू. पण "नाही" फार हळू म्हणालो असणार, कारण तोवर त्यांनी पलीकडच्या बांधावर हाक टाकली होती, बांधावरच्यानं रस्त्यावर, आणि रस्त्यावरून दोन मोटारसायकली नाल्यात उतरल्या. पोरं मोबाईल काढून "कथा शे, कथा शे", म्हणजे कुठाय कुठाय, करत थेट चिखलात. इमिग्रंट गेले. रांग, थेंब, सगळं गेलं. एका पोराच्या चपलेवर मात्र एक येऊन बसलं, त्यानं खाली वाकून मोबाईलवर फोटो काढला आणि मला दाखवला. एकदम शार्प. मी काही बोललो नाही.

बिबट्या नाही म्हटल्यावर पोरं नाराज होऊन गेली. आजोबा थांबले.

"फुलपाखरू? येवढी मोठी दुर्बीण लिसन?"

मी हो म्हटलं. त्यांनी माझ्याकडं, मग लेन्सकडं बघितलं आणि कामाचं बोलले. "मन्या बकऱ्या जठे मुततस तठे दख. गैरा बठतस."

शास्त्र तेच सांगतं, फक्त शास्त्राकडं बकऱ्या नसतात. आम्ही दोघं बाभळीखाली बसलो आणि बकऱ्यांची वाट बघू लागलो. एकही बकरी काही करायला तयार नाही. बोकड तर माझ्याकडंच बघत उभा. शेवटी आजोबा म्हणाले, सकायमा ये, रातले बठतस तठे ओलंच ऱ्हास. मी त्यांचा नंबर घेतला, नाव विचारायचं राहिलंच, म्हणून मोबाईलमधे "बकऱ्या मूत" असं सेव्ह केलं. रात्री त्याच नंबरावरून फोन आला, आणि मोबाईल बायकोच्या हातात होता.