म्हणे, दोन कोटी डॉलर घेऊन गप्प बसली!

हा फॉरवर्ड मला याआधी दोनदा आला होता. एकदा शाळेच्या जुन्या ग्रुपवर, एकदा कुणाच्या तरी स्टेटसला. दोन्ही वेळा सोडून दिला. अमेरिकेतल्या कुठल्याशा टीव्हीवाल्या बाईसाठी मी कशाला बोटं झिजवू? पण मंगळवारी तो बहिणीने घरच्या ग्रुपवर टाकला आणि खाली माझ्या भाचीने लिहिलं, "म्हणजे शेवटी पैशासाठीच होतं तर." भाचीला नोकरीला लागून आठ महिने झालेत. तिच्या त्या एका ओळीला घरातल्या चार मोठ्या माणसांनी पसंतीचे अंगठे दिले. तेव्हा मात्र राहवलं नाही.

फॉरवर्ड आहे ग्रेचेन कार्लसनबद्दल. 1989 ची मिस अमेरिका, पुढे फॉक्स न्यूजची निवेदिका, दोन पुस्तकांची लेखिका. 2016 मध्ये तिने फॉक्स न्यूजचा सर्वेसर्वा रॉजर एल्स याच्यावर लैंगिक छळाचा दावा लावला. मथळा आहे 'मुकुटवालीचं खरं रूप' आणि खाली पाच मुद्दे, प्रत्येकापुढे लाल बोट. थोडक्यात असे: रूपावर टीव्हीची खुर्ची मिळाली, बिकिनी घालून मुकुट जिंकला आणि नंतर दुसऱ्या मुलींची बिकिनी बंद केली, मी टूची लाट आली तशी संधी साधून पुस्तक काढलं, नोकरी जाताच साहेबावर आरोप केले, पुरावा शून्य, आणि शेवटी दोन कोटी डॉलर घेऊन गप्प बसली.

पहिला मुद्दा पटकन उरकते. मुकुटाने दारं उघडली का? उघडली असणारच, त्यात लपवण्यासारखं काय आहे. पण ती पोरगी लहानपणापासून व्हायोलिन वाजवत होती आणि स्पर्धेतही तिने सारासाते या स्पॅनिश संगीतकाराची रचना वाजवली, जी हौशी माणसाच्या बोटांना झेपणारी नाही. स्टॅनफर्डची पदवी घेतली. त्यानंतर थेट न्यूयॉर्कच्या स्टुडिओत जाऊन बसली नाही. रिचमंड, सिनसिनाटी, क्लीव्हलँड, डॅलस अशा गावोगावच्या वाहिन्यांवर दहा वर्षं बातम्या केल्या, मग सीबीएस ही देशव्यापी वाहिनी, मग 2006 पासून फॉक्सच्या 'फॉक्स अँड फ्रेंड्स' या सकाळच्या कार्यक्रमाचा सोफा. उलट त्या सोफ्यावर तिने स्वतःला आहे त्यापेक्षा कमी हुशार दाखवलं, अशी तक्रार जास्त खरी आहे. 'इग्नोरॅमस' (म्हणजे अडाणी) या शब्दाचा अर्थ आपण गूगलवर शोधला असं तिने एकदा सांगितलं, तेव्हा 2009 मध्ये टीव्हीवरच्या जॉन स्टुअर्ट या विनोदवीराने तिचं शिक्षण पडद्यावर मांडून तिची यथेच्छ टर उडवली होती. बरोबरच होतं त्याचं. तिच्या त्या काळातल्या कितीतरी मतांशी माझं आजही जमत नाही, नाताळावर संकट आलंय वगैरे. पण 'रूपाशिवाय काही नव्हतं' हे धादांत खोटं.

बिकिनीचं तर हसूच येतं. मिस अमेरिका स्पर्धेत दोन तुकड्यांच्या पोशाखाला कित्येक दशकं मनाई होती, परवानगी मिळाली 1997 मध्ये. कार्लसन जिंकली सप्टेंबर 1988 मध्ये. तेव्हा बिकिनी घातली असती तर मुकुट राहिला बाजूला, पोरगी फेरीतूनच बाद झाली असती. एवढं तरी बघून लिहावं ना!

पोहण्याच्या पोशाखाची फेरी बंद केली हे मात्र खरं. जून 2018 मध्ये, ती मिस अमेरिका संस्थेची अध्यक्ष असताना. पण ती त्या खुर्चीवर आली कशी, हे फॉरवर्डमध्ये नाही. डिसेंबर 2017 मध्ये संस्थेच्या प्रमुखाचे ईमेल बाहेर आले. माजी विजेत्यांची वजनं आणि त्यांची खाजगी आयुष्यं यांवर त्यात गलिच्छ शेरेबाजी होती. त्याला जावं लागलं आणि जानेवारी 2018 मध्ये पहिल्यांदाच एक माजी विजेती अध्यक्ष झाली. ही स्पर्धा 1921 मध्ये अटलांटिक सिटीच्या व्यापाऱ्यांनी सुरू केली ती उन्हाळ्याची सुट्टी संपल्यावरही पर्यटक गावात टिकावेत म्हणून. पोहण्याच्या पोशाखातल्या मुली हे त्या दुकानाबाहेर लावलेलं तोरण. शिष्यवृत्ती वगैरे 1945 मध्ये आलं. तोरण काढलं म्हणून घर कसं पडेल?

आता इथे मला थोडं मागे यावं लागतं, नाइलाजाने. तिचा तो दीड वर्षाचा कारभार काही गोडीगुलाबीचा नव्हता. स्पर्धेच्या राज्याराज्यांतल्या संघटनांनी तिच्या राजीनाम्याची मागणी केली. त्या वर्षीची विजेती कारा मंड हिने उघड पत्र लिहून सांगितलं की नवं नेतृत्व मला गप्प करतंय, माझा पाणउतारा करतंय. कार्लसनने ते नाकारलं, पण पत्र लिहिलं गेलं हे खरं, आणि बोलू न दिलेल्या बायकांची बाजू घेणाऱ्या बाईवर दुसऱ्या बाईने तोच आरोप करावा हे टोचणारं आहे. जून 2019 मध्ये ती पायउतार झाली. फॉरवर्डवाल्याने हा मुद्दा नीट लिहिला असता तर मी त्याला निदान निम्मे गुण दिले असते. पण त्याला बिकिनी दिसली.

मी टूची लाट पाहून पुस्तक? 'बी फिअर्स' बाजारात आलं 17 ऑक्टोबर 2017 ला. हॉलिवूडचा निर्माता हार्वी वाइनस्टीन याच्यावरच्या लैंगिक छळाच्या आरोपांची बातमी 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये आली 5 ऑक्टोबरला. हॅशटॅगची लाट उठली 15 तारखेला. म्हणजे बाईने बारा दिवसांत पुस्तक लिहिलं, छापलं, देशभर पोचवलं! आमच्या सोसायटीची वार्षिक स्मरणिका चार महिने अडलीय, तिला कुणीतरी तिथे पाठवा. शिवाय आधीचं पुस्तक, 'गेटिंग रिअल', 2015 चं. मुकुटाच्या वर्षात टीव्ही आणि प्रसिद्धीच्या धंद्यातल्या पुरुषांनी अंगचटीला येण्याचे जे प्रकार केले ते तिने त्यात लिहिलेत, दाव्याच्या एक वर्ष आधी. हो, त्याच पुस्तकात तिने साहेबाबद्दल, म्हणजे एल्सबद्दल, गोडही लिहिलंय. ज्याच्या सहीवर पगार निघतो त्याच्याबद्दल नोकरीत असताना माणसं काय लिहितात, हे मी माझ्या बहिणीला समजावून सांगायला नको. बहिणीच्या साहेबांच्या निवृत्तीला तिने केलेलं भाषण मी ऐकलंय, आणि आदल्या रात्री फोनवर काय बोलली तेही.

नोकरी गेल्यावरच बोलली, पुरावा शून्य. नोकरी गेली 23 जून 2016 ला, दावा लागला 6 जुलैला. तेरा दिवस. फॉरवर्डवाल्याला ही तारीख फार सोयीची वाटते, कारण त्याआधीचं काही वाचायचं नसतं. दाव्याच्या कागदातच लिहिलंय की 2009 मध्ये तिने सोबतच्या निवेदकाच्या वागण्याबद्दल वरिष्ठाकडे तक्रार केली होती, आणि त्यावर एल्सने तिलाच पुरुषद्वेष्टी ठरवलं. आणि पुरावा? वर्षाहून अधिक काळ ती एल्सबरोबरच्या बैठका गुपचूप ध्वनिमुद्रित करत होती. बैठकीला जायचं, चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हसत कॅमेऱ्यासमोर. हे एका दिवसाच्या रागात होत नाही. दाव्यानंतर वीसहून अधिक बायकांनी तिच्या वकिलांशी संपर्क साधला. कंपनीने बाहेरच्या वकिलांकडून चौकशी सुरू केली, त्यात फॉक्सचीच नामवंत निवेदिका मेगिन केली हिनेही आपला अनुभव सांगितला. एल्सने शेवटपर्यंत सगळं नाकारलं. मे 2017 मध्ये तो वारला. पण 21 जुलै 2016 ला, दाव्यानंतर पंधरा दिवसांत, वीस वर्षं स्वतः उभी केलेली वाहिनी सोडून तो गेला होता. शून्य पुराव्यावर एवढं होतं का?

आता पाचवा मुद्दा. भाचीने उचलला तो हाच, त्यामुळे इथे मी वेळ घेणार.

दोन कोटी डॉलरची तडजोड झाली, सप्टेंबर 2016 मध्ये. तो आकडा सगळीकडे छापून आलाय, मी नाकारत नाही. फॉक्स न्यूजच्या मूळ कंपनीने तिची जाहीर माफी मागितली, हेही त्याच दिवशीचं, पण फॉरवर्डमध्ये डॉलर आहेत, माफी नाही. आणि हो, तिने गोपनीयतेच्या करारावर सही केली. म्हणून 'गप्प बसली'.

पण तिला गप्प बसवायची व्यवस्था तडजोडीच्या आधीच, तिच्या नोकरीच्या करारात झाली होती. वाद झालाच तर कोर्टात जायचं नाही, लवादाकडे जायचं, असं कलम त्यात होतं. लवाद म्हणजे बंद खोली. ज्यूरी नाही, पत्रकार नाही, अपिलाला जवळजवळ वाव नाही, आणि आत काय झालं ते बाहेर सांगायचं नाही. हे कलम तुम्ही कधी मान्य करता? रुजू होण्याच्या दिवशी, जेव्हा तुमचं लक्ष पगाराच्या आकड्यावर आणि ओळखपत्राच्या फोटोवर असतं. अमेरिकेचा लवाद कायदा 1925 चा, व्यापाऱ्या-व्यापाऱ्यांतल्या भांडणांसाठी केलेला. 2001 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सर्किट सिटी कंपनीच्या खटल्यात बहुतेक सगळे नोकरीचे करारही त्यात बसवले. मग हे कलम गाजरगवतासारखं पसरलं. एका अभ्यासानुसार 2018 पर्यंत 6 कोटींहून अधिक अमेरिकन कामगार त्याखाली होते.

म्हणून तिच्या वकिलांनी एक शक्कल लढवली. दावा फॉक्स न्यूजवर लावलाच नाही. लावला रॉजर एल्स या एका माणसावर, न्यू जर्सीच्या कोर्टात, कारण करार कंपनीशी होता, एल्सशी नव्हता. एल्सच्या वकिलांची पहिली धावपळ कशासाठी? प्रकरण लवादाकडे पाठवा, या अर्जासाठी. आरोप खोटे असतील तर भर कोर्टात धुऊन काढावेत की. बंद खोलीची एवढी घाई का? त्या अर्जाचा निकाल लागण्याआधी तडजोड झाली. ती शक्कल सुचली नसती तर आज हा फॉरवर्डही नसता, कारण कार्लसनवर काय गुदरलं ते कुणाला कळलंच नसतं.

आणि मग ही 'गप्प बसलेली' बाई काय करते? डिसेंबर 2017 मध्ये वॉशिंग्टनला जाऊन खासदारांच्या शेजारी उभी राहते, हे कलम लैंगिक छळाच्या प्रकरणांतून काढा म्हणून. तेव्हा काही होत नाही. 2019 मध्ये फॉक्सचीच माजी सहकारी जुली रोगिन्स्की हिच्याबरोबर 'लिफ्ट अवर व्हॉइसेस' ही संस्था काढते. पुन्हा खेटे. फेब्रुवारी 2022 मध्ये प्रतिनिधिगृहात 335 विरुद्ध 97 मतांनी विधेयक मंजूर, सिनेटमध्ये आवाजी मतदानाने, आणि 3 मार्च 2022 ला बायडन यांची सही. पब्लिक लॉ 117-90. कुणाला माझ्यावर विश्वास ठेवायचा नसेल तर हा क्रमांक शोधा आणि मूळ मजकूर वाचा, फार मोठा नाही. मी भाचीला त्यातलं मधलं वाक्य मराठीत करून पाठवलं: छळाची तक्रार करणारी व्यक्ती म्हणेल तर आधी सही केलेलं लवादाचं कलम तिच्यावर बंधनकारक नाही. म्हणजे निवड कंपनीची नाही, तिची. लवाद हवा तर लवाद, कोर्ट हवं तर कोर्ट. आणि हा कायदा लागू होतो की नाही हे ठरवणार कोर्ट, लवाद नव्हे. तीही पळवाट बुजवली.

त्याच वर्षी 7 डिसेंबरला दुसरा कायदा, स्पीक आउट ॲक्ट. वाद होण्याआधीच सही करून घेतलेला गोपनीयतेचा करार लैंगिक छळाच्या वादात चालणार नाही. इथे 'आधीच' या शब्दावर बोट ठेवा. वादानंतर, तडजोडीत केलेल्या गोपनीयतेला हा कायदा हात लावत नाही. कार्लसनची सही तडजोडीतली. म्हणजे एवढी वर्षं खेटे घालून तिने जे कुलूप काढलं ते दुसऱ्यांच्या तोंडावरचं. तिच्या तोंडावरचं जिथल्या तिथे आहे. पैसे मोजून गप्प बसवलेल्या बाईला गप्प बसायचंच असतं तर ती कनेटिकटच्या घरी व्हायोलिन वाजवत बसली नसती का?

भाचीने हे सगळं वाचून एकच प्रश्न विचारला, "मावशी, मग तिने सही करायलाच नको होती ना?" प्रश्न चांगला आहे. सही केली नसती तर अर्जाचा निकाल एल्सच्या बाजूने लागण्याची टांगती तलवार होती, आणि मग तीच बंद खोली, बिनमाफीची. मी तिच्या जागी असते तर काय केलं असतं हे मला छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही. बहिणीने अजून उत्तर दिलेलं नाही, अंगठा मात्र काढून घेतलाय.

आणि एक राहिलं. फॉरवर्डवरचा तो सोनेरी केसांचा फोटो ग्रेचेन कार्लसनचा नाहीच. तो निकोल किडमनचा आहे, याच प्रकरणावरच्या 'बॉम्बशेल' या 2019 च्या सिनेमातला. सिनेमा बनत असताना खुद्द कार्लसनला त्यात एका शब्दाची मदत करता आली नाही. कराराने बांधलेली होती.