उल्हासनगर आणि दंडकारण्य: तुलना करायचीच तर

नमस्कार. मागच्या लेखावर तुम्ही लिहिलंत, "सिंधी मंडळींनी सरकारकडे एक पैसा न मागता उल्हासनगर उभं केलं. बंगाली निर्वासितांना दंडकारण्यात फुकट जमीन मिळाली, तरी ते पळून गेले. यात धोरणाचा काय दोष?" फाळणीनंतर सिंधमधून आणि पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांची ही तुलना आपल्याकडे नेहमी ऐकू येते, म्हणून सविस्तर लिहितो.

सिंध्यांच्या कष्टांबद्दल दुमत नाहीच. पण 'एक पैसा न मागता' हे काही खरं नाही. पश्चिम पाकिस्तानातून आलेल्यांना तिकडे सुटलेल्या मालमत्तेची भरपाई द्यायला १९५४ साली खास कायदा झाला. रक्कम तुटपुंजी असेल, पण हक्क मान्य झाला. पूर्व बंगालमधून आलेल्यांना तो कायदा लागूच नव्हता! १९५० च्या नेहरू-लियाकत करारात (भारत-पाकिस्तानमधला अल्पसंख्याकांबद्दलचा करार) गृहीत धरलं होतं की ही माणसं परत जातील आणि तिकडची घरंदारं त्यांचीच राहतील. काही जण परत गेलेही, पण इकडे येणं थांबलं नाही. उलट पूर्व पाकिस्तानातल्या १९६४ च्या दंगलींनंतर नवे लोंढे आले.

मग जागेचं बघा. उल्हासनगर जिथे वसलं त्या कल्याणच्या लष्करी कॅम्पात बराकी उभ्या होत्या, शेजारून रेल्वे जात होती, मुंबईची बाजारपेठ साठ किलोमीटरच्या आत. व्यापारी माणसाला आणखी काय लागतं? पूर्व बंगालच्या निर्वासितांना मध्य भारतातल्या जंगली मुलखात वसवण्याची दंडकारण्य योजना १९५८ ची. तिथे धाडलेले बहुतेक नमःशूद्र या बंगाली दलित जातीचे, म्हणजे खाडी-नाल्यांच्या मुलखात भात आणि मासे यांवर जगलेले शेतकरी. त्यांना मिळालं बस्तर-कोरापुटचं पठार: माती उथळ, पाणी धरत नाही, ओलिताची सोय जवळजवळ नाही. १९६४ नंतर आलेल्यांना तर सरकारी मदत हवी असेल तर पश्चिम बंगालबाहेर जाण्याची अटच होती. त्यात निवड कुठे होती? खुद्द दंडकारण्य विकास प्राधिकरणाचे अध्यक्ष शैबालकुमार गुप्ता यांनी पद सोडल्यावर या जमिनींच्या निकृष्टपणाबद्दल जाहीरपणे लिहिलं. ते सनदी अधिकारी होते, चळवळे नव्हेत.

शिवाय ती जमीन 'फुकट' कुणाची? आदिवासींच्या रानाची. साफ केलेल्या जमिनीतला पाव हिस्सा त्यांच्यासाठी ठेवायचा नियम होता. उरलेल्या पाऊण हिश्शाबद्दल त्यांना कुणी विचारलं होतं का, हे तुम्हीच सांगा.

सुंदरबनातल्या मरिचझापी बेटावर निर्वासितांनी केलेल्या वस्तीबद्दल तुम्ही म्हणता, ते राखीव जंगलातलं अतिक्रमणच होतं. कायद्याने होतं, मान्य. पण विरोधात असताना 'यांना बंगालमध्येच वसवा' म्हणणारे डावे १९७७ ला सत्तेवर आले, म्हणून दंडकारण्यातले लोक १९७८ मध्ये तिकडे निघाले. जानेवारी १९७९ मध्ये त्याच सरकारने पोलिसांच्या लाँचेस लावून बेटाचं धान्य-पाणी तोडलं आणि मे महिन्यात बेट रिकामं केलं. मेलेल्यांच्या सरकारी आकड्यात आणि वाचलेल्यांच्या सांगण्यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे. अतिक्रमण हटवायचं म्हणून माणसांचं पाणी तोडतात का?

आणि 'पळून गेले' म्हणण्याआधी आपल्याच गडचिरोलीकडे बघा. मुलचेरा, चामोर्शी तालुक्यांत वसवलेले बंगाली अजून तिथेच आहेत. भात लावतात, तळ्यांत मासे पाळतात, तहसीलमध्ये अर्ज मराठीतच लिहितात. पश्चिम बंगालमध्ये नमःशूद्र अनुसूचित जातीत मोडतात. महाराष्ट्राच्या यादीत ती जात नाही. त्यामुळे इथे जन्मलेला मुलगा त्या दाखल्यासाठी गेला की परत पाठवला जातो. मागणी कित्येक वर्षं पडून आहे, आणि यादी बदलायची तर ते काम संसदेचं.