डॉलरवरचे रंग म्हणजे मळ नव्हे

एक संदेश सध्या खूप फिरतोय. मला तो चार वेगवेगळ्या लोकांकडून आला. मजकूर थोडक्यात असा: अमेरिकेचे जुने चांदीचे डॉलर निळे-जांभळे-सोनेरी दिसत असतील तर घेऊ नका, कारण खऱ्या चांदीला रंग येत नाही, ती फक्त काळी पडते. असे रंग नेहमी रसायनं वापरून चढवलेले असतात. घरात असं नाणं असेल तर ॲल्युमिनियमची फॉइल आणि खाण्याचा सोडा घातलेल्या गरम पाण्यात बुडवा, मग टूथपेस्टने घासा, किंमत दुप्पट होईल. नाहीतरी रंगीत नाण्याला चांदीच्या वजनापलीकडे मोल नसतंच.

हा सल्ला माझ्या एका स्नेह्याने ऐकला. त्याच्याकडे वर्षानुवर्षं कागदी पाकिटात पडून असलेला १८८५ चा न्यू ऑर्लिन्स टांकसाळीचा मॉर्गन डॉलर (जुन्या चांदीच्या डॉलरचा एक प्रकार, रचनाकार मॉर्गनच्या नावाने ओळखला जाणारा) होता. आधीचा आणि नंतरचा असे दोन्ही फोटो त्याने मला मोठ्या आनंदाने पाठवले. पहिल्या फोटोत कडेने सोनेरी, मग किरमिजी, मग निळ्या रंगाची चंद्रकोर होती. दुसऱ्यात पांढरा, निर्जीव धातू. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी रंगाचं बघू. हवेत, कागदात, कापडात गंधकाचे अंश असतात. त्यांचा चांदीशी संयोग होऊन पृष्ठभागावर सिल्व्हर सल्फाइडचा अतिशय पातळ थर बसतो. पावसाळ्यात रस्त्यावर सांडलेल्या पेट्रोलच्या तवंगात जसे रंग दिसतात, तसेच ते या थरात दिसतात. रंग थरात नसतो, थराच्या जाडीमुळे प्रकाश रंगीत दिसतो. जाडी वाढत जाते तसे रंग ठरावीक क्रमाने येतात: फिकट पिवळा, गडद सोनेरी, तांबूस-जांभळा, निळा, मग फिकट आकाशी. पुढे पुन्हा पिवळा, गुलाबी, हिरवा. काळा रंग अगदी शेवटी येतो. आपल्या देवघरातल्या निरांजनाकडे काळं पडण्याआधी नीट पाहिलंत तर कडेला हाच पिवळसर-जांभळा पट्टा दिसेल. तेव्हा ‘चांदी फक्त काळी पडते’ हे अर्धवट निरीक्षण आहे. मात्र रंग आहे म्हणजे नाणं अस्सल, असाही उलटा अर्थ काढू नका. चांदीचा मुलामा दिलेल्या नकली नाण्यावरही रंग चढतो. अस्सल मॉर्गन डॉलरचं वजन २६.७३ ग्रॅम, व्यास ३८.१ मिलिमीटर, ९० टक्के चांदी, १० टक्के तांबं. चुंबकाला चिकटला तर तो डॉलरच नव्हे.

‘रंग नेहमी चढवलेलाच असतो’ हा दावा करणाऱ्याला या नाण्यांचा इतिहास ठाऊक नसावा. १८७८ च्या ब्लँड-ॲलिसन कायद्याने अमेरिकी सरकारवर दरमहा किमान वीस लाख डॉलरची चांदी विकत घेऊन नाणी पाडण्याचं बंधन आलं. लोकांना एवढी जड नाणी खिशात नको होती. मग हजार-हजार डॉलर कॅनव्हासच्या पिशव्यांत भरून तिजोऱ्यांत रचले गेले आणि त्यातले कित्येक १९६० च्या दशकापर्यंत तिथेच पडून राहिले. पिशवीच्या कापडाला टेकलेल्या नाण्याची तेवढीच बाजू रंगली, मधली नाणी पांढरी राहिली. एका नाण्यावर दुसरं अर्धवट पडलेलं असेल तर उघड्या भागावर चंद्रकोर उमटली. काहींवर तर कापडाची वीण जशीच्या तशी दिसते. हे रंग कुणी चढवले? सत्तर-ऐंशी वर्षांच्या अंधाराने आणि गोणपाटासारख्या एका जाड कापडाने.

या साठ्याशी आपलाही संबंध आहे. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानात लोक नोटा परत करून चांदीचे रुपये मागू लागले आणि सरकारकडची चांदी आटत चालली. १९१८ च्या पिटमन कायद्याखाली अमेरिकेने २७ कोटींहून अधिक डॉलर वितळवले. त्यातली बरीचशी चांदी ब्रिटनने हिंदुस्थानसाठी घेतली, आणि तिचे रुपये पाडले गेले. आजीच्या डब्यातल्या १९१८ च्या रुपयात एखादा मॉर्गन डॉलर विरघळलेला असू शकतो. वितळण्यातून वाचून पिशवीत रंगत बसलेल्या नाण्यांबद्दल मला जिव्हाळा वाटतो, त्याचं हेही एक कारण.

संदेशात एक गोष्ट खरी आहे, ती मान्य करायलाच हवी: नकली रंग चढवले जातात. उष्णता देऊन, गंधकयुक्त रसायनांची वाफ देऊन. ओळखायचं कसं? वर सांगितलेला क्रम पाहा. स्वच्छ पांढऱ्याला लागून एकदम भडक निळा आला, मधे पिवळा नाहीच, तर संशय घ्या. रंग अक्षरांवरून, ताऱ्यांवरून सरसकट वाहत गेलेला दिसला तरी संशय घ्या. खऱ्या टोनिंगमध्ये, म्हणजे आपोआप आलेल्या रंगात, उठावाच्या कडेशी रंग बहुधा बदलतो किंवा थबकतो. पीसीजीएस आणि एनजीसी या ग्रेडिंग संस्था, म्हणजे नाणी तपासून त्यांचा दर्जा ठरवणाऱ्या संस्था, रंग संशयास्पद वाटला तर नाण्याला नेहमीचा अंकी दर्जा देत नाहीत. मात्र काही नाणी नकली रंगाची आहेत म्हणून सगळीच तशी, हे म्हणजे बाजारात भेसळीचं तूप मिळतं म्हणून घरचं कढवलेलं फेकून देण्यासारखं झालं.

सगळ्यात जास्त नुकसान करतो तो सफाईचा सल्ला. नाणं पाडताना प्रचंड दाबाखाली धातू मधून कडेकडे सरकतो आणि पृष्ठभागावर सूक्ष्म रेषा तयार होतात. नाणं तिरकं करून दिव्याखाली फिरवलं की चाकाच्या आऱ्यांसारखा प्रकाश फिरतो तो या रेषांमुळे. जाणकार आधी तेच पाहतात. टूथपेस्ट आणि रांगोळी दोन्ही घासणारे पदार्थ आहेत. ते मळाबरोबर या रेषाही खरवडतात आणि केसासारखे बारीक ओरखडे मागे ठेवतात. ताम्हणाला चालतं ते नाण्याला चालत नाही. फॉइल-सोड्यात गंधक ॲल्युमिनियमकडे जातं आणि चांदी परत बनते हे खरं, पण ती मूळच्या रेषांवर पुन्हा तशीच बसत नाही, म्हणून पृष्ठभाग फिका दिसतो. व्यापारी वापरतात ते ‘डिप’, म्हणजे नाणं बुडवून साफ करायचं द्रावण, सुद्धा प्रत्येक वेळी चांदीचा एक थर घेऊन जातं. आणि घासलेलं नाणं ओळखलं गेलं की ग्रेडिंग संस्था त्यावर ‘साफ केलेलं’ असा शेरा मारते. मग दुप्पट कसली, किंमत घसरते.

राहिला मोलाचा मुद्दा. १८८१ चा सॅन फ्रान्सिस्कोचा डॉलर घ्या. १ कोटी २७ लाखांहून अधिक पाडले गेले, पांढरा हवा तितका मिळतो. तोच सुंदर नैसर्गिक रंगांचा असला तर संग्राहक पांढऱ्यापेक्षा जास्त देतात, कधी कितीतरी पट. सगळ्या रंगांना नाही. डागाळलेल्या करड्याला किंवा पूर्ण काळ्याला कुणी जास्त मोजत नाही, आणि थर फार जाड झाला की खालचा पृष्ठभागही खराब झालेला असतो.

स्नेह्याच्या त्या पाकिटात अजून दोन डॉलर आहेत, दोन्ही कडेने सोनेरी झालेले. त्याला सांगितलंय: बोटं फक्त कडेला लाव, रबरबँड काढून टाक, मऊ पीव्हीसी प्लास्टिकमध्ये ठेवू नकोस कारण त्यातून हिरवा चिकट थर येतो, आणि कोरड्या जागी ठेव. पुढच्या भेटीत ते दिव्याखाली दोघं मिळून पाहणार आहोत.